डावा बर्नर

डावा बर्नर गेली चार वर्षं
नुसता निळा शिंकायचा.
टाचणीनं टोचून झाला,
चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजवून झाला,
मेकॅनिकला दोनदा चहा पाजून झाला.
शेवटी हर्षदा म्हणाली, चला.
आणि कापडी पिशवीत बिडाचा तवा,
पुरणाचं पातेलं, दुधाचं छोटं भांडं घालून
बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली.
तवा माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला,
काय काका, दादरला गाडी लावताय का डोशांची?

दुकानात शेगड्या ओळीनं,
काळ्याभोर काचेच्या. वाकलं की
आपलंच तोंड दिसायचं, जरा जाड.
मी मोजपट्टी काढली. ओटा सव्वीस इंच,
पाइपच्या नळापासून खिडकी एक वीत.
बिल्ल्यावर उमाकांत लिहिलेला मुलगा
बटणं टिकटिकवत होता:
लायटर नको, काडेपेटी नको, पुसलं की चकाचक.
हर्षदानं ऐकून घेतलं
आणि पिशवी उघडली.

तवा ठेवला, शेजारी पातेलं.
कानाला कान घासला.
ही दोघं रोज भांडतील, म्हणाली. पुढची.
पुढचीवर दुधाचं भांडं तीन पायांत डुगडुगलं,
पाळण्यातल्या पोरासारखं. पुढची.
त्याच्या पुढचीचा रंग तिला डोळ्यांत खुपला.
गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली.
एका बाईंनी तर आपला कुकर
घरून आणला नाही म्हणून हळहळ केली.

मग खालच्या फळीवर, धूळ बसलेली,
साधी स्टीलची, तीन बर्नरची.
तिघंही नीट बसले, मध्ये बोटभर वाट ठेवून.
हर्षदानं बटण अगदी शेवटापर्यंत फिरवलं.
मंद म्हणजे किती मंद रे?
उमाकांत पहिल्यांदाच पाठ केलेलं विसरला.
आई हिच्यावर खवा आटवते, म्हणाला,
मध्येच झोपते पण थोडी.
घेतली.

जुनीला भंगारवाल्यानं एकशे ऐंशी सांगितले
आणि उचललीसुद्धा.
जिन्याच्या वळणावरून हर्षदानं परत आणवली.

आता ती ग्रिलमध्ये आहे,
चौथ्या मजल्यावर, कपड्यांच्या दोरीखाली.
उजव्या बर्नरवर मिरची, मधल्यावर गवती चहा,
आणि तो डावा, ज्यानं आयुष्यभर
आमचं दूध तापवायला कंटाळा केला,
त्याच्यावर पुदिना असा माजलाय
की बटण सापडत नाही.
कुंड्या पायांवर घट्ट बसतात.
वरचं पाणी खालच्या ट्रेमध्ये साठतं,
म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या गालाबेन
हल्ली वर बघून ओरडत नाहीत.

कोपऱ्यात थर्माकोलच्या खोक्यात कढीपत्ता,
खोकं कोळणीकडचं, अजून उन्हात वास मारतं.
बोंबील धुतलेलं पाणी त्याला लागतंच,
नाहीतर पानं पिवळी पडतात.
गालाबेन दर रविवारी कढीसाठी
दोन डहाळ्या नेतात. वास घेतात,
असला बाजारात मिळत नाही म्हणतात.
त्या विचारत नाहीत, आम्ही सांगत नाही.

सकाळी मी तांब्या घेऊन ग्रिलशी,
ती नव्या शेगडीशी.
बटण टिकटिकतं, तरी तिचा हात
अजून खिडकीच्या कट्ट्यावर लायटर शोधतो.
मी दोन पानं खुडून आत देतो,
चहात घाल म्हणून.
आधी धुतलीस का, ती विचारते.
धुतली, म्हणतो.

मिरचीला मात्र फुलं येतात आणि गळतात.
आंबट ताक घालून बघा, असं
समोरच्या बिल्डिंगमधला एक माणूस
आपल्या ग्रिलमधून ओरडून सांगतो.
त्याचं नाव आम्हाला माहीत नाही.
त्याच्याकडे दुधी लागलेत, तीन.